टाकीत हात कुणाचा

नागरवाडा, बडोदे
११ मार्च २०२५

लक्ष्मीकांत,

आशीर्वाद लिहावेत की नाही ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहून पुढे जातो. फोन तू उचलत नाहीस आणि मीही आता लावत नाही, तेव्हा पत्र.

तुझी यशश्री परवा सामान घेऊन आमच्याकडे राहायला आली. होस्टेलात पाण्याचे हाल आहेत, वार्षिक परीक्षा होईपर्यंत राहील, असं तुझ्या रूपालीने आमच्या स्नेहलताला फोनवर सांगितलं म्हणे. दोघी जावांनी आपसांत ठरवून टाकलं. मला कळलं ते पोरगी रिक्षातून उतरल्यावर. वाकून नमस्कार केला, "काका, तुमच्या गुडघ्याचं कसं आहे?" असंही विचारलं. वागायला नीट आहे. पण मी तुला सरळच विचारतो. तिला तू पाठवलंस का?

विचारायला कारण आहे. दारात चपला काढल्या, पिशवी भिंतीला टेकवली आणि ती थेट कोळंब्यांच्या काचेच्या टाकीसमोर जाऊन उकिडवी बसली. पाणीसुद्धा मागितलं नाही. काचेला नाक लावून म्हणते, "काका, या त्याच का? तुमच्या आणि बाबांच्या?"

"माझ्या," मी म्हणालो.

तू म्हणशील, एवढ्याशा कोळंब्यांसाठी काय हे. एवढ्याशा आहेत हे मलाही माहीत आहे. बोटाच्या पेराएवढ्या. शेजारचे लोक अजूनही विचारतात, याचं कालवण किती जणांना पुरेल. पण आणल्या तेव्हा काचेसारख्या फिक्या होत्या आणि आज कुंकवासारख्या लाल आहेत, तो रंग काय आपोआप आला? फिक्या बाजूला काढत, पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणला आपण. पोटाखाली अंडी धरलेल्या मादीला धक्का लागू नये म्हणून आपण दोघं श्वास रोखून पाणी बदलायचो. आणि असा रंग अख्ख्या बडोद्यात कुणाकडे नसताना एक दिवस तीच लाल जोडी सयाजीगंजच्या दुकानात काचेमागे दिसली. मी तुला विचारलं. तू म्हणालास, मी दिली नाही. मी रेल्वेच्या दक्षता खात्यात नोकरी संपवलेला माणूस. 'मी दिली नाही' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आहे.

त्यानंतर तू जळगावला गेलास आणि विषय मिटला. आता तुझी मुलगी माझ्या टाकीसमोर बसते. तूच सांग, मी काय समजायचं?

जयवंत

नागरवाडा, बडोदे
२८ मार्च २०२५

लक्ष्मीकांत,

तुझं उत्तर नाही. तेही एक उत्तरच असतं, असं आम्ही खात्यात म्हणायचो.

कोळंब्या मरताहेत.

आधी मला वाटलं, कात टाकली असेल. कात पारदर्शक असते, ठाऊकच आहे तुला, हलकी असते, पाण्याबरोबर हेलकावे खाते. पण ही कात नव्हती. कोळंबीच होती, आडवी पडलेली, दुधाळ झालेली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग एका मादीने पोटाखालची सगळी अंडी वाळूत सोडून दिली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. खाणं तेच. टाकीत सोडायची बदामाची पानं त्याच झाडाची, मी स्वतः वेचून आणतो. स्पंजचा फिल्टर व्यवस्थित चालतो. घरात नवीन काय, तर तुझी मुलगी.

मी कुणावर उगाच आळ घेत नाही. जे पाहिलं तेवढं लिहितो. ती युनिव्हर्सिटीत शिल्पकला शिकते, संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या बोटांवर हिरवे-निळे डाग असतात. साबणानेही ते जात नाहीत. वही घेऊन टाकीसमोर बसते, कोळंब्यांची चित्रं काढते. गेल्या सोमवारी तिची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती.

"टाकीत हात घातलास?" मी विचारलं.

"शेवाळ सुटून वर आलं होतं. खाली दाबलं."

"मला सांगायचं."

"तुम्ही फिरायला गेला होतात." मग म्हणाली, "काका, या टाकीत पाणी कोण घालतं?"

"मी."

"रोज?"

"तू अभ्यास कर."

लक्षात घे, ती पाण्याची चौकशी करते आहे. ज्याला माल हलवायचा असतो तो आधी पहारा कधी बदलतो ते विचारतो. आणि पाण्यातही गोम आहेच. या दिवसांत टाकीतलं पाणी भराभर उतरतं, मला दोन दिवस उघडं ठेवून मुरवलेल्या पाण्याची बादली उचलून भर घालावी लागते. यंदा उतरत नाही. ऊन तापतंय, पंखा चालू आहे आणि पाणी जिथल्या तिथे. म्हणजे कुणीतरी काहीतरी ओतत असणार.

म्हणून मी झाकणाच्या कडेला एक दोरा चिकटवून ठेवला. सकाळी कमाटीबागेत फेरी मारून आलो तर दोरा सुटलेला. स्नेहलताला विचारलं. ती कणीक मळत होती. "धूळ पुसायला उचललं असेल झाकण," म्हणाली. "अहो, घरात दोरे कसले लावता?" यशश्री तोवर कॉलेजला गेली होती. ती माझ्यानंतर निघाली असणार, हेही मी टिपून ठेवलं.

जयवंत

नागरवाडा, बडोदे
१२ एप्रिल २०२५

लक्ष्मीकांत,

आता तुला उत्तर द्यावंच लागेल.

टाकीतलं पाणी बाटलीत भरून मी सयाजीगंजला त्या माशांच्या दुकानात नेलं. हो, त्याच दुकानात. इतक्या वर्षांत पायरी चढलो नव्हतो. त्याने थेंब टाकून बाटली हलवली, उजेडात धरली आणि माझ्याकडे बघत राहिला. "आमां तो तांबुं छे, काका. आणि कमी नाही. कोळंबीला हे जहर. कुठून येतं?"

तांबं! माझ्या टाकीत तांब्याचं काय काम? घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला होता. तुझ्या मुलीच्या बोटांवरचे ते हिरवे-निळे डाग.

मी तिची पेटी उघडली. परवानगी घेतली नाही, आणि ते मी लपवत नाही. कोरण्या, मेण, चिंध्या आणि तळाशी जाड कागदाची पुडी. आत मोरचूद. निळेशार खडे. मोरचूद म्हणजे तांबंच, एवढं मला कळतं. तेवढ्यावर भागलं असतं, पण तिच्या पलंगामागे, भिंतीच्या बाजूला, वर मलमल बांधलेली लोणच्याची काचेची बरणी होती. तिच्यात शेवाळाचा गोळा आणि माझ्या कोळंब्या. जिवंत. त्यांतली एक अंडीवाली.

ती घरी आली तेव्हा मी पुडी आणि बरणी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडून बसलो होतो.

तिने आधी बरणीकडे पाहिलं. कोळंब्या ठीक आहेत ना, ते पाहिलं. मग माझ्याकडे.

"तुम्ही माझी पेटी उघडलीत?"

"हे काय आहे?"

"मोरचूद. ब्राँझच्या मूर्तीला हिरवट रंग चढवायला वापरतो आम्ही. सगळ्या वर्गाकडे असतं. पुडी कॉलेजातून आली तशीच बांधलेली आहे, बघा ना दोरा."

"दोरा सुटतो आणि परत बांधताही येतो. आणि ही बरणी?"

"या मी काढून ठेवल्या. तिकडे सगळ्या मरताहेत काका, म्हणून. पाण्यातच काहीतरी आहे. मी तुम्हाला विचारत होते की..."

"न विचारता नेतात त्याला काय म्हणतात?"

तिने बरणीवरची मलमल नीट केली.

"तुझ्या बापाने जोडीने नेल्या होत्या, तू बरणीने नेतेस. मागे राहतील त्या मारायच्या, म्हणजे रंग फक्त तुमच्याकडे. चोराच्या घरात..."

"अहो!" स्नेहलता स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती. मी वाक्य अर्धंच सोडलं, पण जे कळायचं ते कळलं होतं.

यशश्री रडली नाही. आत गेली, कपडे भरले, पेटी उचलली, पुडी उचलली. बरणीला हात लावला तेव्हा मी म्हणालो, "ती इथेच ठेव."

"नाही ठेवणार," ती म्हणाली. "ठेवली तर मरतील."

आणि गेली. मी अडवलं नाही. सयाजीगंजला मुलींच्या एका पेइंग गेस्टमध्ये जागा मिळाली, असं नंतर स्नेहलताकडून कळलं. स्नेहलता माझ्याशी कामापुरतं बोलते.

तुझी मुलगी चोर आहे, लक्ष्मीकांत. हे मी लेखी देतो. तू तिला तसं शिकवलंस की ती आपण होऊन शिकली, एवढंच कळव.

जयवंत

नागरवाडा, बडोदे
२ मे २०२५

लक्ष्मीकांत,

हे पत्र मी दोनदा लिहायला बसलो आणि उठलो.

यशश्री गेल्यावर मी टाकीतलं अर्धं पाणी बदललं. मुरवलेलं पाणी, माझ्या हातांनी भरलेलं. दुकानदाराकडून थेंबांची बाटलीही आणली, आता रोज स्वतः तपासतो. पहिले काही दिवस थेंब टाकल्यावर येणारा तांब्याचा रंग फिका होत गेला. मी स्नेहलताला म्हणालो, "बघितलंस? ती गेली आणि पाणी सुधारलं." ती भाजी निवडत राहिली.

मग बाटलीतला रंग पुन्हा गडद झाला. कोळंब्या पुन्हा आडव्या पडू लागल्या.

घरात माणसं दोनच. एक मी. तुला कळलं असेल माझं मन कुठे गेलं ते. मी लपवत नाही, गेलं. मला वाटलं, पोरीला घालवलं याचा सूड स्नेहलता माझ्या टाकीवर उगवते आहे. जेवताना तिच्या हातांकडे बघायचो. ताटात वाढलं की आधी वास घ्यायचो. हे लिहायला लाज वाटते, पण घ्यायचो.

काल सकाळी नेहमीसारखी काठी घेऊन निघालो. कोपऱ्यावरच्या भाजीवालीपाशी उभा राहिलो, जरा वेळाने परत आलो, चपला जिन्यातच काढल्या आणि किल्लीने दार उघडलं.

स्नेहलता टाकीपाशी उभी होती. झाकण बाजूला काढलेलं. हातात आपल्या आईचा तो तांब्याचा तांब्या, चिंचेने घासून सोन्यासारखा लखलखीत केलेला. त्यातून ती बारीक धारेने टाकीत पाणी सोडत होती, दुसरा हात धारेखाली धरून, पाणी जोरात पडू नये म्हणून. आणि त्यांच्याशी बोलत होती. "या गं, या. मरू नका बायांनो. एवढं एक वर्ष जगा."

मी दारातच उभा. तिने मान वळवली, पण दचकली नाही.

"आलात का? बरं झालं. रोज तुमच्या मागे घालते. बादली उचलता आणि मग दिवसभर गुडघा धरून बसता. म्हणून मार्चपासून मीच भर घालते."

"हे कुठलं पाणी?"

"रात्री तांब्याच्या कळशीत भरून ठेवते ना, आपण पितो तेच. तांब्यातलं. तुम्हीच म्हणाला होतात, नळाचं यांना चालत नाही. म्हटलं, घरातलं सगळ्यात चांगलं पाणी द्यावं."

मी थेंबांची बाटली आणली, तांब्यातलं थोडं पाणी घेतलं, दोन थेंब टाकले. रंग तिच्यासमोरच उमटला. ती माझ्याकडे आणि बाटलीकडे आळीपाळीने बघत राहिली. मी सांगितलं. माणसाला हे पाणी चालतं. कोळंबीला रोज थोडं थोडं तांबं मिळालं की ती मरते.

तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही.

"मला वाटलं, मोरचूद घातलं तर पाणी निळं पडतं. माझं पाणी तर स्वच्छ होतं," ती म्हणाली. मग एकदम खाली बसली. "म्हणजे पोरीला मी घालवलं."

"तू कोळंब्या मारल्यास," मी म्हणालो. "पोरीला मी घालवलं."

"तुम्ही दोरा लावलात तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुम्ही असे विचारत होतात, जणू मी कुणाचा खून केलाय. म्हटलं, पाणी घातलं एवढंच तर आहे, उगाच वाढवायचं कशाला. आणि मग ती बिचारी..."

तुझ्या मुलीने मार्चमध्येच विचारलं होतं, टाकीत पाणी कोण घालतं. घरात एवढा एक प्रश्न बरोबर विचारला गेला होता, तो तिने विचारला होता. आणि मी पहारा कधी बदलतो ते शोधत बसलो.

मागच्या पत्रात मी तिला चोर लिहिलं. तो शब्द मी परत घेतो. तिने कोळंब्या नेल्या हे खरं, पण नेल्या नसत्या तर आज त्यांतली एकही उरली नसती. माझ्या टाकीत एकच म्हातारी मादी हलते आहे, तीही आठवडा काढेल असं वाटत नाही.

स्नेहलताने कळशी आणि तांब्या माळ्यावर टाकले. मी म्हणालो, माणसाला काही होत नाही त्याने. ती म्हणाली, "मला होतं आता."

जयवंत

नागरवाडा, बडोदे
१९ मे २०२५

लक्ष्मीकांत,

तू बडोद्याला येऊन गेलास. काल यशश्रीने सांगितलं.

मी तिला भेटायला सयाजीगंजला गेलो होतो. युनिव्हर्सिटीमागच्या गल्लीतलं घर आहे, खाली मालक राहतात, वर मुली. पुरुषांना वर सोडत नाहीत, मालकीणबाईंनी ओट्यावरच्या बाकड्यावर बसवलं आणि वर हाक मारली, "यशश्री बेन, तमारा काका आव्या छे." बराच वेळ कुणी आलं नाही. मला वाटलं, येणारच नाही. मी उठणार तेवढ्यात आली. हातांवर तेच हिरवे डाग.

मी बोलायचं ठरवून गेलो होतो, पण सगळं सरळ आलं नाही. तांब्या, चिंच, धार, काय काय सांगत बसलो. तिने मधे तोडलं नाही. शेवटी म्हणालो, "मी चुकलो. तुला नको ते बोललो. पेटी उघडायला नको होती."

"काकू कशा आहेत?"

"जेवत नाही नीट."

"त्यांना सांगा, मी त्यांच्यावर रागावले नाही." माझ्याबद्दल काही म्हणाली नाही. मग म्हणाली, "काका, मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं, पाणी कोण घालतं म्हणून."

"माझ्या लक्षात आलं नाही."

"आलं होतं. पण मी काय विचारतेय ते तुम्ही ऐकलंच नाहीत. मी का विचारतेय तेवढंच शोधत होतात."

समोरून रिक्षा जात होत्या, मालकीणबाई आतून कान देऊन होत्या.

तेव्हा ती म्हणाली, "मला चोर म्हटलेलं तुमचं पत्र पोचलं तेव्हा बाबा आले होते. दोन दिवस होते. याच बाकड्यावर बसायचे." मी विचारलं, "नागरवाड्यात का नाही आला?" ती म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यांना, जाऊन या. ते म्हणाले, मी काहीही सांगितलं तरी दादा माझ्या तोंडाकडे बघत बसेल, ऐकणार नाही. तेवढ्यासाठी जिना कशाला चढायचा."

तू खरं तेच म्हणालास. ती जोडी दुकानात कशी गेली हे मी तुला आता विचारणार नाही. उत्तर ऐकण्याची पात्रता आधी यावी लागते, माझ्यात ती अजून आली आहे असं मला वाटत नाही.

तिने मग आपण होऊन बरणी खाली आणून दाखवली. मी मागितली नव्हती. उन्हात धरली. लक्ष्मीकांत, पिल्लं झाली आहेत. शेवाळाच्या काड्यांवर बसलेली, पापणीच्या केसाएवढी, पण मोठ्यांसारखीच पाय हलवून खाणारी. बरीचशी फिक्या रंगाची निघाली आहेत, बरणीतल्या ताणाने असेल किंवा पूर्वीचं रक्त वर आलं असेल. मी असतो तर ती वेगळी काढून टाकली असती, रंग बिघडू नये म्हणून. तिला ते सांगितलं नाही. तिला सगळीच आवडली आहेत.

"एवढ्या बरणीत पुरणार नाहीत," मी म्हणालो. "टाकी देऊ का आणून? आमची रिकामीच झाल्यासारखी आहे."

"नको. वर्गातल्या एका मुलीकडे जुनी आहे, ती घेतेय."

"घरी ये मग. परीक्षेनंतर. काकूसाठी."

"काकूंना भेटीन," ती म्हणाली. "बाहेर भेटू आम्ही. घरी नाही येणार, काका."

मी मान हलवली.

मी तिच्यासाठी पाणी नेलं होतं. प्लास्टिकचा कॅन, नवा घेतलेला, नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मुरवलेलं, निघण्याआधी थेंब टाकून तपासलेलं. गुडघ्याने सहन केलं नाही, पण तो भरून मीच उचलला, मीच रिक्षात चढवला. तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "बदलायला लागेल तुला."

तिने कॅनकडे पाहिलं. बूच उघडून वास घेतला. "कशातून भरलंत?"

"सरळ नळाखाली कॅन धरून. मधे काही भांडं नाही."

"मी तपासून घेईन."

"तपासलंच पाहिजे," मी म्हणालो.

मग तिने दोन्ही हातांनी बरणी छातीशी धरली आणि जिना चढली, सावकाश, पाणी हिंदकळू नये म्हणून प्रत्येक पायरीवर थांबत. दार लागल्याचा आवाज आला. कॅन माझ्या पायाशीच होता. मी हाक मारणार होतो, अगं, हा राहिला. तोंडही उघडलं होतं. मग लक्षात आलं की तो चुकून राहिला नव्हता.

मी तो परत आणला नाही. ओट्याच्या कोपऱ्यात, सावलीत सरकवून ठेवला, मालकीणबाईंना सांगितलं आणि निघालो. आज संध्याकाळी त्या गल्लीतून चक्कर मारून आलो. अजून तिथेच आहे.

दादा